राखण कोणी करायची?

रत्नागिरीच्या कातळावर हापूसची कलमे मोहोरली की बागायतदाराची झोप उडते. तुडतुड्यांवर फवारणी करता येते, अवकाळी पावसापुढे हात टेकावे लागतात. पण भल्या सकाळी माकडांची टोळी बागेत शिरली, की वर्षभराच्या मेहनतीची माती व्हायला तासभर पुरतो. कोवळी पालवी ओरबाडली जाते, सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडतो, माडावरची कोवळी फळे खाली येतात. पोटात जाते त्याहून किती तरी जास्त नासते. भात काढल्यावर त्याच ओलीवर पावटा, चवळी, कुळीथ घेणाऱ्या गावांनी तर आता बियाणे टाकणेच सोडले आहे.

या प्रश्नाची दखल सरकारने घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. उपद्रवी माकडे आणि वानर पकडण्यासाठी राज्याने 2025 मध्ये कार्यपद्धती आणि दर ठरवून दिले. दहा माकडांपर्यंत प्रत्येकी 600 रुपये, त्यापुढे प्रत्येकी 300 रुपये आणि एका मोहिमेला कमाल 10 हजार रुपये. पकडलेली माकडे वस्तीपासून किमान दहा किलोमीटर दूर जंगलात सोडायची आहेत. त्रासलेल्या गावाला यातून चार दिवसांचा श्वास मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण पकडणे आणि सोडणे एवढेच आपले धोरण असेल, तर पुढच्या हंगामात हेच संकट पुन्हा दारात येईल. एक टोळी उचलली की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी येते. शिवाय पकडलेली माकडे सह्याद्रीच्या पायथ्याला सोडली, तर तिथल्या वाड्यांनी काय करायचे? किनाऱ्यावरच्या बागायतदाराचे दुखणे देवरुख-संगमेश्वरच्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधणे हा न्याय नव्हे.

हे संकट आभाळातून पडलेले नाही. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली आणि उघड्या डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. कोकणाच्या अर्थकारणाला तिने आधार दिला. याच काळात, बहुतांश खासगी मालकीचे असलेले इथले जंगल तुटत गेले. उंबर, जांभूळ, फणसाची रानातली झाडे कमी झाली. माणसे मुंबईला गेली, शेते ओस पडली, त्यांत झाडोरा माजला आणि माकडांना बागेच्या कडेलाच आसरा मिळाला. भर म्हणून आंबा घाट, कुंभार्ली घाटात गाड्या थांबवून केळी-बिस्किटे वाटण्याची सवय लागली. माणसाची भीती आपणच मोडली आणि आता माकड धीट झाले म्हणून त्यालाच दोष देतो आहोत.

माकडे मारण्याची परवानगी द्या, अशी मागणी संतापाच्या भरात होते. तो संताप समजण्याजोगा आहे, पण वाट ती नव्हे. 2022 च्या दुरुस्तीने कोकणातले लाल तोंडाचे माकड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले आणि त्या अनुसूचीतला प्राणी उपद्रवी म्हणून घोषित करता येत नाही. मात्र याच कायद्याच्या कलम 12 मध्ये, न मारता संख्या आटोक्यात ठेवण्याची तरतूद आहे. तिला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ती मागण्यासाठी राज्याने ठाम प्रस्ताव घेऊन दिल्ली गाठली पाहिजे.

जगाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. अमेरिकेत कॅनडा हंसाची मोठी जात नामशेष झाली असे मानले जात होते. 1962 मध्ये मिनेसोटातील रॉचेस्टरला ती पुन्हा सापडली. सरकारने ती जपली, वाढवली आणि काही दशकांत उद्याने, शेते, विमानतळ हंसांनी भरले. एका ठिकाणचे हंस उचलून दुसरीकडे नेण्याने तिथेही प्रश्न सुटला नव्हता. म्हणून हंसांची नियमित मोजणी आणि अंड्यांना मक्याचे तेल लावून नवी पैदास रोखणे यांवर भर आला. आपल्याच देशात हिमाचल प्रदेशाने 2006-07 पासून माकडांची नसबंदी हाती घेतली. तिथल्या गणनेत 2004 मध्ये सुमारे 3.17 लाख माकडे होती, 2020 च्या सुमारास ती 1.36 लाखांवर आली. या घटीचे सारे श्रेय नसबंदीला देता येणार नाही आणि तिथल्या शेतकऱ्याची तक्रारही संपलेली नाही. पण मोजणी होती, म्हणून प्रयत्नांचा हिशेब तरी मांडता आला.

कोकणानेही सुरुवात तिथूनच करावी. दापोलीचे कृषी विद्यापीठ, वन विभाग आणि ग्रामपंचायतींनी मिळून गावोगावच्या टोळ्यांची गणना करावी. ठरलेल्या तालुक्यांत नसबंदीचे कायम केंद्र आणि प्रशिक्षित पशुवैद्यक द्यावेत. पडीक खासगी जमिनीवर रानफळांची झाडे लावणाऱ्याला अनुदान द्यावे आणि घाटांतले खाऊवाटप दंड करून थांबवावे. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप 2026 पासून पीक विम्यात घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. आंबा-काजूचा विमा मात्र हवामानावर आधारित वेगळ्या योजनेत आहे. हे संरक्षण तिथेही मिळायला हवे. पंचनाम्यात पडलेल्या कैऱ्या मोजता येतात. भीतीपोटी न पेरलेल्या कुळथाचा पंचनामा कोणी करत नाही, आणि कोकणाचे खरे नुकसान तिथे आहे.

पूर्वी राखणीला घरची पोरे गोफण घेऊन बांधावर असत. आज घरात दोन म्हातारी माणसे उरली आहेत आणि बागेत पगारी गुरखा. प्रत्येकाने आपापल्या कुंपणापुरती राखण केली, तर माकड फक्त शेजारच्या बागेत जाते. गावाची राखण गावाने आणि जिल्ह्याची सरकारने करायची असते. यंदाचा मोहोर गळून जाण्याआधी किमान गणनेचा आदेश तरी निघाला पाहिजे.