पाटावरून उठवेना, तेव्हा

बिदर-कलबुर्गीकडील आपल्या मराठी घरांतून, मग ते भालकीचे असो वा आळंदचे, जेवणाचे पाट अजूनही पुष्कळ ठिकाणी जमिनीवरच मांडले जातात. या पाटावरून उठणेच कधी जड जाऊ लागते. चाळिशी ओलांडलेली गृहिणी हात टेकून उठते. वेणी घालताना तिचे हात वर टिकत नाहीत. पायरी चढताना मांड्या साथ देत नाहीत. 'वय झाले', 'वात असेल' असे म्हणत तेल चोळण्यात मोलाचे महिने निघून जातात.

क्वचित हा स्नायुदाह, म्हणजे मायोसायटिस असतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसे. अर्धांगवायूत बहुधा एकच बाजू लुळी पडते. येथे दोन्ही खांदे व दोन्ही मांड्या हळूहळू दुबळ्या होतात. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर तांबूस चट्टे दिसले, तर तो डर्माटोमायोसायटिस हा प्रकार असू शकतो. रक्तातील 'सीके'च्या तपासणीने पुष्कळदा पहिला सुगावा लागतो.

उपचार आहेत, ही दिलाशाची गोष्ट. आरंभी स्टिरॉइड व जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन देतात. तेवढ्याने न भागल्यास सहस्रावधी दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. डर्माटोमायोसायटिसच्या ९५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनी हे औषध मिळालेल्यांपैकी ७९ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. नुसते औषधासारखे दिसणारे द्रावण मिळालेल्यांत ४४ टक्के. औषध फार महाग आहे, म्हणून खर्चाची व सरकारी योजनांची चौकशी आधीच करावी.

दोन गोष्टी मात्र ध्यानी ठेवाव्यात. चेहरा सुजला, साखर वाढली म्हणून स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. त्याने जिवावर बेतू शकते. आणि घास गिळताना अडकू लागला किंवा धाप लागली, तर एक दिवसही थांबू नये.

हैदराबादच्या निझाम संस्थेत किंवा बंगळूरच्या निम्हान्समध्ये गेल्यावर भाषेची अडचण पडते. तेथे नुसते 'अशक्तपणा' म्हणू नये. कोणते काम, कोणत्या महिन्यापासून जमेनासे झाले, ते कागदावर लिहून न्यावे. घरच्या माणसांनी डोळसपणे टिपलेले ते चार शब्द डॉक्टरांना योग्य वाट दाखवतील.