घरचा संगणक वीज खातो तरी किती?

वीजबिल हातात पडले की घराघरांत आरोपीचा शोध सुरू होतो. घरात दहावी-बारावीचे किंवा अभियांत्रिकीचे मूल असेल, कुणी घरून नोकरी करत असेल, तर संशय आधी संगणकावर जातो. ‘दिवसभर ते कॉम्प्युटर चालू असतं, मग बिल वाढणार नाही तर काय?’ हे वाक्य सिडकोपासून वाळूजपर्यंत कुठल्याही घरात ऐकू येईल. काही घरांत बिलाच्या धास्तीने मुलांचे संगणकावरचे अभ्यासाचे तास कापले जातात. काही घरांत तोच संगणक रात्रभर विनाकारण चालू राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नुकसान दोन्हीकडे आहे. म्हणून अंदाज बाजूला ठेवून एकदा हिशेब करून पाहू.

वॅट आणि युनिट

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. संगणकाच्या बाबतीत पहिली गफलत इथेच होते. ज्याला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, त्या डब्यातील एसएमपीएसवर ४५० वॅट असे लिहिलेले असते. तो आकडा कमाल क्षमतेचा आहे, रोजच्या वापराचा नाही. टायपिंग, इंटरनेट, ऑनलाइन तास, हिशेबाची कामे एवढेच करणारा साधा डेस्कटॉप एलईडी मॉनिटरसह साधारण ६० ते १०० वॅट घेतो. लॅपटॉपचे काम ३० ते ६० वॅटमध्ये भागते. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेला गेमिंग संगणक मात्र खेळ सुरू असताना ३०० ते ५०० वॅटपर्यंत जातो. तिन्हींना आपण ‘कॉम्प्युटर’च म्हणतो, पण विजेच्या दृष्टीने ती तीन वेगळी उपकरणे आहेत.

आता ८० वॅटचा डेस्कटॉप रोज पाच तास चालला असे धरू. दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला १२ युनिट. ४० वॅटचा लॅपटॉप तेवढाच वेळ वापरला तर महिन्याला ६ युनिट. ३५० वॅटवर रोज चार तास गेम खेळला तर ४२ युनिट. तुलनेसाठी जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा छताचा पंखा पाहा. रोज १५ तास फिरला तर तो महिन्याला सुमारे ३४ युनिट घेतो. १८० वॅटचा कूलर उन्हाळ्यात रोज दहा तास चालला तर ५४ युनिट. म्हणजे अभ्यासाचा संगणक जेवढी वीज घेतो, त्याच्या जवळपास तिप्पट वीज त्याच खोलीतला जुना पंखा घेतो. पण पंख्यावर कुणी संशय घेत नाही.

युनिटचा दर कोणता धरायचा?

दुसरी गफलत दराची. बरेच जण एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात आणि आलेला आकडा ‘आपला दर’ समजतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या दरांत वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटना सुमारे पावणेसहा रुपये आणि १०१ ते ३०० युनिटना सुमारे साडेबारा रुपये पडतात. त्यापुढच्या टप्प्याला जवळपास सतरा रुपये. यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. दर कमी झाल्याची चर्चा तेव्हा बरीच झाली, पण उतरला तो पहिल्या टप्प्याचा दर. दुसऱ्या टप्प्याचा दर वाढला.

१०० च्या वर गेले की सगळ्या युनिटना जास्त दर लागतो, असाही एक समज आहे. तसे नाही. जास्त दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण याचाच दुसरा अर्थ असा, की आपण जी युनिट वाचवतो ती नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातली असतात. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या घराचा सरासरी दर शुल्काआधी नऊ रुपयांच्या आत येतो. संगणकाची १२ युनिट कमी केली, तर वाचतात त्या मात्र साडेबाराच्या दराने. वीज शुल्क धरून युनिटमागे साडेचौदा रुपये.

या हिशेबाने अभ्यासाच्या डेस्कटॉपचा खर्च महिन्याला सुमारे १७५ रुपये, लॅपटॉपचा ९० च्या आत आणि गेमिंगचा ६०० रुपयांच्या वर जातो. घराचा वापर १०० युनिटच्या आत असेल, तर तोच डेस्कटॉप ८० रुपयांत चालतो. एसीमुळे ३०० च्या पुढे गेलेल्या घरात त्याच १२ युनिटना सुमारे २३५ रुपये पडतात. यंत्र तेच आणि तासही तेच, पण खर्च तिप्पट. शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबून आपला हिशेब होत नाही, तो याच कारणाने.

स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत आहे. संगणकाची सगळी १२ युनिट या वेळेत वापरली तरी वाचतात दहा-बारा रुपये. कपडे धुण्याचे यंत्र, गिझर, पाण्याची मोटार यांच्या वेळा बदलून थोडा जास्त फायदा होईल. मुलांच्या अभ्यासाची वेळ त्यासाठी हलवण्याची गरज नाही.

खरी गळती कुठे?

खर्च वाढतो तो संगणक वापरल्याने कमी आणि चालू सोडल्याने जास्त. मॉनिटर काळा झाला म्हणजे संगणक बंद झाला असे नाही. डब्यातला पंखा फिरत असतो आणि नुसते बसून तो ५० वॅट घेत राहतो. रोज पाच तास काम आणि उरलेले १९ तास असेच गेले, तर महिन्याला साडेअठ्ठावीस युनिट वाया जातात. दुसऱ्या टप्प्याच्या दराने ही रक्कम ४०० रुपयांच्या वर जाते, म्हणजे कामाच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक. तोच संगणक ‘स्लीप’वर ठेवला तर दोन-तीन वॅटवर येतो आणि महिन्याचा खर्च पंचवीस रुपयांच्या आसपास राहतो.

लहान उपकरणांकडेही लक्ष हवे. आठ वॅटचा वायफाय राउटर चोवीस तास चालू राहिला, तर महिन्याला जवळपास ६ युनिट घेतो, म्हणजे रोज पाच तास चालणाऱ्या लॅपटॉपइतकी वीज. टेबलाखालचा यूपीएस बॅटरी भरलेली असतानाही पाच ते दहा वॅट घेत राहतो. वर्षाच्या हिशेबात त्याचे ६०० ते १,२०० रुपये होतात. संगणक बंद केल्यावर बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय लावली, तर त्यातला बराच भाग वाचतो. अधूनमधून बॅटरी भरून घेतली म्हणजे झाले.

मीटरच सांगेल

आपला संगणक नेमके किती वॅट घेतो, हे पाहायला वेगळे यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. फ्रिज, इन्व्हर्टर, पंखे, राउटर सगळे बंद करून फक्त संगणक चालू ठेवा आणि १५ मिनिटे दिवा मोजा. ६४ वेळा लुकलुकला, तर तासाला २५६ होतात. २५६ भागिले ३,२०० म्हणजे ०.०८ किलोवॅट, अर्थात ८० वॅट. मुलांनाच हा प्रयोग करायला सांगा. विज्ञानाचा तास घरी होईल आणि बिलावरून होणारा वादही मिटेल.

उष्णता आणि पाणी

संगणकाने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. शांत बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे चालू डेस्कटॉप हा खोलीत आणखी एक माणूस बसल्यासारखा आहे, आणि गेमिंग संगणक तीन-चार माणसांसारखा. एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद छोट्या खोलीत हा फरक अंगाला जाणवतो. एसी असेल तर ही उष्णता बाहेर टाकायला त्याला साधारण तिसरा हिस्सा जादा वीज लागते. खिडकी उघडी ठेवणे आणि डबा भिंतीपासून थोडा दूर ठेवणे हे तब्येतीलाही बरे आणि यंत्रालाही.

मराठवाड्यासाठी आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. राज्यातील बरीचशी वीज अजूनही कोळशावर तयार होते आणि त्या केंद्रांना पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या निकषांनुसार अशा जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येते. त्या मर्यादेने, चालू सोडलेल्या संगणकाची साडेअठ्ठावीस युनिट म्हणजे महिन्याला सुमारे १०० लिटर पाणी. जायकवाडी जवळ असूनही ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हा आकडा लहान वाटू नये.

तेव्हा संगणकाचे तास कापण्याआधी क्रम ठरवावा. आधी काम नसताना संगणक बंद करणे किंवा ‘स्लीप’वर टाकणे, मग यूपीएसचे बटण, मग जुना पंखा बदलून सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा घेणे. नवीन यंत्र घ्यायचेच असेल आणि काम साधे असेल, तर लॅपटॉप बरा. एवढे केल्यावरही बिल जास्त वाटले, तर कूलर, गिझर आणि एसीकडे पाहावे. अभ्यासाच्या पाच तासांचा खर्च दिवसाला सहा रुपये आहे. तो वाचवण्यासाठी मुलाला संगणकासमोरून उठवू नये.