अंगणवाडी ते महाविद्यालय : वाचलेला खर्च कोणाच्या माथी?

बुलढाणा जिल्ह्यातील शेतमजुराचे मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत जाते. पुढे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, मग हायस्कूल, कनिष्ठ महाविद्यालय आणि अखेर अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेले एखादे महाविद्यालय, अशी सलग वाट कागदावर तरी त्याच्यासाठी मोकळी आहे. ही वाट कोणी दान म्हणून दिलेली नाही. शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो, असा जाब जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला विचारला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून कुणब्या-माळ्यांच्या मुलांना हायस्कुलाचे दार उघडून दिले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील शाळा लोकनियुक्त सत्तेच्या हाती गेली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के भरली, ती या दीर्घ प्रयत्नांमुळे. त्याच जनगणनेत पुरुषांची साक्षरता नव्वदच्या आसपास, तर स्त्रियांची पाऊणशेच्या आसपास होती, हेही विसरता येत नाही.

आज ही वाट पटसंख्येच्या हिशेबाने अरुंद केली जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने शिक्षकांची पदे पटाशी अधिक कठोरपणे जखडली. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील, तर नियमित शिक्षकाचे पद नाही, अशी तरतूद त्यात झाली. युक्तिवाद एकच : दहा-बारा मुलांसाठी शिक्षकाचा पगार परवडत नाही, दरडोई खर्च फार होतो.

या युक्तिवादातील अर्थशास्त्र अपुरे आहे. जमाखर्चात फक्त सरकारी तिजोरी धरली, तर खर्च वाचल्यासारखा दिसतो. मजुराचे घरही त्यात धरले की चित्र पालटते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला, निहाल यांच्या वस्त्या आहेत. तेथील शाळा दुसऱ्या गावी हलली, तर लहान मुलाला नेण्या-आणण्यासाठी घरातील एका मोठ्या माणसाला रोज खोळंबावे लागते. त्याची बुडालेली मजुरी कोणत्याही शासकीय तक्त्यात येत नाही. ती मजुरी परवडेनाशी झाली की मूल शाळा सोडते. घाटावरच्या तालुक्यांतून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात गावात नसतात, म्हणून पट घसरतो, आणि घसरलेला पट हेच शाळा उठविण्याचे कारण ठरते. दारिद्र्याने रिकामा केलेला वर्ग 'नको असलेला वर्ग' म्हणून मोजला जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले, ते नेमके याच घरांसाठी.

हीच रीत प्रत्येक पायरीवर दिसते. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून गौरविला. मात्र तो पाया घालणारी अंगणवाडी सेविका आजही मानधनावरच आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभरातील सेविकांना दीर्घ संप करावा लागला. वेतनात वाचलेला पैसा येथे एका कष्टकरी स्त्रीने सोसला आहे. प्राथमिक शाळेत तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून राबणाऱ्या तरुणाला २०२३ पर्यंत दरमहा ६ हजार रुपये मिळत होते. पुढे त्याचे १६ हजार झाले.

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एस. टी.चा मोफत पास आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल, तर पास निरुपयोगी ठरतो आणि आठवीनंतर मुलगी घरी बसते. शेगावच्या नवोदय विद्यालयात निवडक मुलांना उत्तम, निवासी आणि विनामूल्य शिक्षण मिळते. एका वर्षी सहावीत फार तर ऐंशी मुले तेथे पोचतात. उरलेल्या हजारोंची शाळा तितकीच चांगली का नसावी, हा प्रश्न कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळेची कल्पना मांडून विचारला होता. उत्तर अजून मिळालेले नाही.

उच्च शिक्षणात तर खर्च उघडच विद्यार्थ्यावर ढकलला गेला. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी राज्याने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. २०२४ साली बुलढाण्यात शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी उपलब्धी होय. परंतु प्रवेशपरीक्षेची शिकवणी लातूर किंवा कोट्याला जाऊन विकत घ्यावी लागत असेल, तर त्या शंभरांत जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुले किती असतील? जुलै २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे मात्र बापालाच उभे करावे लागतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी निषेधाच्या पत्रकावर थांबू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. शेतमजूर स्त्रियांना त्या जागांवर बसविणे हे पहिले काम. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेत पट न मोजता गावातील शाळायोग्य वयाची सारी मुले मोजावीत, स्थलांतरित कुटुंबांची धरून. प्रत्येक मुलाच्या वाटेचे अंतर आणि घरच्यांची बुडणारी मजुरी ठरावात आकड्यांनिशी नोंदवावी. एस. टी.च्या वेळापत्रकाची आणि वसतिगृहाच्या जागांची मागणी तालुक्याच्या ठिकाणी लावून धरावी. सरकारचा हिशेब खोडायचा, तर गरिबाच्या घरचा हिशेब त्याच्या शेजारी मांडावा लागेल.