खोक्यातली टर्की



आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय? जन्मभर मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला आणि आता एकदम अमेरिकेतलं गोठवलेलं टर्कीचं जेवण? पण आपल्या नात्यागोत्यातलं कुणी ना कुणी आता तिकडे म्हातारं होतंय. त्यामुळे विषय वाटतो तितका परका नाही.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुठ्ठ्याचं एक चपटं खोकं. आत कप्प्यांचं प्लॅस्टिकचं ताट. एका कप्प्यात टर्कीचे काप आणि त्यावर ग्रेव्ही, दुसऱ्यात कुस्करलेला बटाटा, तिसऱ्यात मटार किंवा फरसबी, शिवाय पावाचं सारण. फ्रीजरमधून काढायचं, पाच-सात मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं, की जेवण तयार!

इतिहासाची बाई असल्यामुळे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1953-54 च्या सुमारास नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराच्या स्वॅन्सन कंपनीने 'टीव्ही डिनर' या नावाने हे ताट बाजारात आणलं. किंमत 98 सेंट. टर्की, मक्याच्या पावाचं सारण, मटार आणि रताळं. तेव्हा घराघरात मायक्रोवेव्ह नव्हते. ॲल्युमिनियमचं ते ताट ओव्हनमध्ये 25 मिनिटं ठेवावं लागे. मायक्रोवेव्हमध्ये चालणारं ताट आलं ते 1986 मध्ये. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरच्यांनी एकत्र बसून खायचा पदार्थ एकट्या माणसाला कुठल्याही मंगळवारी मिळायला लागला. आपल्याकडे तयार पुरणपोळीचं पाकीट मिळतं, तसंच.

आता मुद्द्यावर येते. आमचा दादा, म्हणजे माझा मोठा मावसभाऊ, तिकडे एकटाच राहतो. वय 81. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही कोकणातले, मासे खाणारे, त्यामुळे टर्कीचं त्याला वावडं नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री तो हेच खोकं गरम करून जेवायचा. एकदा बोलता बोलता त्याने हे सांगितलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गहजब झाला! "शिळं खातोस?" "त्यात काही सत्त्व उरतं का?" "मायक्रोवेव्हची किरणं पोटात जातात." दादा मुळात मितभाषी. त्याने वाद घातला नाही, खोकी आणणं बंद केलं. पाच महिन्यांनी पुतणी भेटायला गेली तेव्हा कळलं, की तो रात्री चहा आणि टोस्ट खाऊन झोपतो आणि त्याचं वजन पाच किलोंनी उतरलंय.

मागच्या वर्षी लेकीकडे गेले तेव्हा मुद्दाम दुकानात उभी राहून या खोक्यांच्या मागचे तक्ते वाचले. 1994 पासून तिकडे असा तक्ता छापणं सक्तीचं आहे, ही फार चांगली सोय. वही पेन्सिल घेऊन उभी असलेली म्हातारी पाहून लोक हसले असतील. हसू देत!

खोक्याखोक्यात फरक असतो, पण मध्यम आकाराच्या टर्कीच्या जेवणात साधारण 250 ते 350 कॅलरी आणि 15 ते 20 ग्रॅम प्रथिनं असतात. पातळ वरणाच्या वाटीत असतात त्याच्या दुप्पट-तिप्पट! रोज किलोमागे निदान 0.8 ग्रॅम प्रथिनं हवीत असं आहारशास्त्र सांगतं. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून अनेक तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच). दादा आता 58 किलोंचा. म्हणजे त्याला दिवसाला 58 ते 70 ग्रॅम लागतात आणि त्यातला चौथा भाग किंवा अधिक हे खोकंच देत होतं. चहा-टोस्टमधून मिळतात जेमतेम 3-4 ग्रॅम. आपण मनातल्या मनात त्या खोक्याची तुलना वहिनीच्या हातच्या जेवणाशी करत होतो. पण वहिनी नाही. खरी तुलना चहा-टोस्टशी होती, आणि तिथे टर्की जिंकते.

गोठवल्याने सत्त्व जातं, हाही गैरसमज. उलट अन्न टिकावं म्हणून जे काही घालावं लागतं त्याची गरज थंडीमुळे कमी होते. मटार गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढतात, तेव्हा थोडं क जीवनसत्त्व जातं, पण नंतर ते बरंचसं टिकून राहतं. मायक्रोवेव्हचं म्हणाल, तर त्या लहरींनी अन्नातल्या पाण्याचे रेणू जोरजोरात हलतात आणि अन्न तापतं. यंत्र बंद झालं की लहरी संपल्या. अन्नात काही उरत नाही. वेळ कमी आणि पाणीही कमी, त्यामुळे भरपूर पाण्यात भाजी उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा यात जीवनसत्त्वं अधिक वाचतात. फक्त मध्ये गार गोळा राहू शकतो. म्हणून सूचनेप्रमाणे मध्येच ढवळायचं, शेवटी मिनिटभर तसंच ठेवायचं. आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस तापलं पाहिजे.

म्हणजे खोकं निर्दोष आहे का? मुळीच नाही! खरा दोष मिठाचा आहे. मध्यम खोक्यात 600 ते 1000 मिलिग्रॅम सोडियम असतं, मोठ्या भुकेसाठी म्हणून विकतात त्या खोक्यांत त्याहून जास्त. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण 1 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे 5 ग्रॅम मिठाच्या आत राहा म्हणते. एका ताटातच त्यातला तिसरा हिस्सा किंवा अधिक संपला. दादाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा ही काळजी रास्तच आहे. दुसरी उणीव चोथ्याची. जेमतेम 3-4 ग्रॅम. भाजी असते ती मूठभर. फळ नाही, दही नाही. आणि 300 कॅलरीत वजन उतरलेल्या माणसाचं रात्रीचं जेवण होत नाही.

पण मिठावरून बोलायचा अधिकार आपल्याला कितपत आहे? आपल्याकडच्या पाहण्यांमध्ये माणशी दिवसाला 8 ग्रॅम आणि त्याहूनही जास्त मीठ असे आकडे आलेत. आपलं लोणचं, पापड, सुकट, खारवलेल्या मिरच्या काय आळणी असतात? आणि तिकडच्या आपल्या मुलांच्या फ्रीजरमध्ये गोठवलेले पराठे रचून ठेवलेले असतात, त्यांना मात्र आपण कौतुकाने 'घरचं' म्हणतो. परकं नाव दिसलं की ते शिळं, आपलं नाव दिसलं की ते सोयीचं, हा कुठला न्याय?

मग करायचं काय? मी दादाला फोनवर चार गोष्टी सांगितल्या. सोडियम 600 च्या आत असलेलं खोकं निवड. ग्रेव्ही अर्धी बाजूला काढ. बिनमिठाच्या गोठवलेल्या भाजीची पिशवी आण आणि वाटीभर भाजी वेगळी गरम करून घे. जेवताना वाटीभर दही आणि नंतर एक केळं खा. म्हणजे प्रथिनं वाढली, कॅलरी वाढल्या, चोथा वाढला आणि मीठ मात्र घटलं. वरून मीठ घ्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

तो म्हणाला, "म्हणजे खाल्लं तर चालेल?" 81 वर्षांच्या, जन्मभर नोकरी करून दोन मुलं शिकवलेल्या माणसाने आपल्या जेवणाची अशी परवानगी मागावी, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं स्पष्ट मत लिहिते. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटाला नावं ठेवण्याआधी त्या ताटात आपण काय वाढणार आहोत ते सांगावं. जवळ राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कालवणाचा डबा पोचवावा. लांबच्यांनी त्याच्या जेवणाच्या वेळी फोन लावून समोर बसावं, कारण एकट्याला घास गोड लागत नाही आणि हे कुठल्याच तक्त्यात छापलेलं नसतं. यातलं काहीच जमत नसेल तर निदान गप्प राहावं. उपाशी झोपण्यापेक्षा खोक्यातली टर्की शंभर पटीने बरी.

असो. घरच्या मंडळींनी रागावू नये. तुमच्या ओळखीत कुणी असं एकटं राहत असेल तर ते रात्री काय जेवतात, हे एकदा विचारा. आणि मला जरूर कळवा.