प्रतीक्षाकक्षातील सुगंध : यंत्राची निवड आणि वैद्याचा विवेक

राजगुरुनगर परिसरातील दवाखान्यांत आणि औषधी दुकानांत अलीकडे सुगंध पसरविणारी यंत्रे, म्हणजेच डिफ्युझर, दिसू लागली आहेत. वातावरण प्रसन्न राहावे हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तथापि आपल्या दारी बसलेल्या रुग्णाच्या श्वासात जे द्रव्य जाते, ते आपणच दिलेले असते. म्हणून अशा यंत्राची निवड शोभेवरून न करता श्वासाचा विचार करून व्हावी, असे आमचे नम्र मत आहे.

हे मत आम्हांस अनुभवाने शिकावे लागले. आम्हीही असे एक यंत्र घेतले आणि त्यात निलगिरीचे तेल अंदाजाने घालू लागलो. चाकणच्या एका कारखान्यात रंगकाम करणारा तमकश्वासाचा रुग्ण आमच्या प्रतीक्षाकक्षात पंधरा मिनिटे बसला आणि त्यास खोकल्याची उबळ आली. बाहेर मोकळ्या हवेत बसविल्यावर ती शमली. मात्रा ठरविल्याविना आम्ही कोणास चूर्णही देत नाही. येथे मात्र सर्वांना सरसकट एक द्रव्य देत होतो.

बाजारातील यंत्रांचे गुणदोष पाहू. मेणबत्तीवर तापणाऱ्या चिनी मातीच्या वाटीची किंमत अल्प असते. परंतु उष्णतेने तेलातील हलके अंश प्रथम उडून जातात, पाणी आटल्यास तेल करपते आणि ज्योतीचा धोका राहतो. पंख्याच्या हवेने तेलाची गादी सुकविणारे यंत्र सुटसुटीत असते. त्यातही हलका गंध आधी व जड गंध मागाहून येतो. काड्यांच्या बाटलीस वीज लागत नाही, पण ती बंदही करता येत नाही. शिवाय तीत बहुधा कृत्रिम सुगंध आणि द्रावक असतात.

श्राव्यातीत लहरींचे, म्हणजे अल्ट्रासोनिक यंत्र सर्वाधिक खपते. त्यातील चकती अतिवेगाने कंप पावून पाणी व तेल यांचे सूक्ष्म तुषार करते. मात्र कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास त्यातील क्षारही तुषारांसोबत हवेत जातात, आणि पाणी साचून राहिल्यास जंतू वाढतात. नेब्युलायझर पद्धतीचे यंत्र पाण्याविना, हवेच्या झोताने निव्वळ तेल उडविते. त्याचा गंध सर्वांत तीव्र असतो, तेल भराभर संपते, आणि वाळा किंवा चंदन यांसारख्या दाट तेलांनी त्याची नळी तुंबते. लहान, बंद खोलीस ते मुळीच योग्य नव्हे.

पाण्याच्या स्वच्छतेचा मुद्दा क्षुल्लक मानू नये. २०२१ साली अमेरिकेत चार राज्यांतील चार जणांना मेलिऑइडोसिस हा रोग झाला व त्यांपैकी दोघे दगावले. तपासात त्याचे मूळ भारतात तयार झालेल्या एका सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत आढळले. तो फवारा होता, यंत्र नव्हे. परंतु सुगंध आहे म्हणून द्रव निर्जंतुक असतो, हा समज त्याने खोटा ठरविला.

काही विक्रेते या यंत्रांस ‘आधुनिक धूपन’ म्हणतात. हे आम्हांस मान्य नाही. सुश्रुतसंहितेत व्रणिताच्या रक्षणार्थ मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांचे धूपन दिवसातून दोन वेळा, दहा दिवस सांगितले आहे. काश्यपसंहितेत तर धूपकल्प हा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे द्रव्य, काल आणि प्रयोजन निश्चित आहेत. उडनशील तेलाचा गंध व औषधी द्रव्यांचा धूर या भिन्न गोष्टी आहेत. अर्थात श्वासाच्या रुग्णाजवळ धूरही विचारपूर्वकच करावा.

व्यवसायबंधूंना आमची विनंती अशी. प्रतीक्षाकक्षात यंत्र ठेवावयाचेच असल्यास अल्ट्रासोनिक ठेवावे. शंभर मिलिलीटर उकळून गाळलेल्या किंवा शुद्ध पाण्यात तीन-चार थेंबांहून अधिक तेल घालू नये, अर्ध्या तासाने ते बंद करावे, खिडकी उघडी ठेवावी आणि रोज भांडे रिकामे करून कोरडे पुसावे. उकळण्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. म्हणून कूपनलिकेचे पाणी टाळावे. श्वास, अपस्मार, गर्भिणी आणि बालरुग्ण यांच्या वेळी यंत्र बंदच असावे. निलगिरी, पुदिना व कापूर यांची तेले तान्ह्या बाळाजवळ वापरू नयेत.

दुकानदार बंधूंनी बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे की केवळ ‘सुगंध’ लिहिले आहे, ते पाहूनच माल घ्यावा. शंभर रुपयांत मिळणारे ‘चंदन तेल’ शुद्ध असू शकत नाही, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. अशाने एखादी विक्री कमी होईल, परंतु आपल्या शब्दावरील लोकांचा विश्वास टिकेल. आमच्या कक्षातील ते यंत्र आता बहुतेक वेळ बंद असते. खिडकी मात्र उघडी असते.