‘नांदेड’ची लांबी किती? संगणकाच्या तीन उत्तरांमागचा इतिहास

१/ ‘नांदेड’ या नावात अक्षरे किती? शाळकरी मूलही ‘तीन’ म्हणेल. संगणकभाषांची उत्तरे मात्र जुळत नाहीत: स्विफ्ट ३ सांगते, पायथन ६, तर गो १८. ‘लातूर’साठी हीच उत्तरे ३, ५ आणि १५ अशी येतात. नवशिक्याला हा सावळागोंधळ वाटतो. वस्तुतः तिन्ही उत्तरे खरी आहेत. प्रत्येक भाषा निराळी गोष्ट मोजते, आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

२/ सहाचे मूळ भारतातच आहे. ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीने प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक न देता व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार यांना वेगवेगळे क्रमांक दिले. मोजक्या चिन्हांत सारी बाराखडी सामावली. तिच्या १९८८ च्या आवृत्तीची मांडणी युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीसाठी आधारभूत मानली. म्हणून न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड अशी सहा चिन्हे.

३/ सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही साठवणपद्धती रचली. तिच्यात इंग्रजी अक्षर १ बाइट घेते, देवनागरी चिन्ह ३. पुढे हेच दोघे गो भाषेच्या तीन निर्मात्यांत होते. ती बाइट मोजते यात नवल नाही. २०१४ ची स्विफ्ट मात्र वाचकाच्या डोळ्याला दिसणारे अक्षर मोजते.

४/ जावास्क्रिप्ट १९९५ ची. जगातील सर्व लिप्यांना १६ बिट पुरतील, अशी त्या काळची समजूत होती. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तीही त्या मर्यादेपलीकडच्या जागेत. परिणामी जुन्या दप्तरांतील मोडीचे प्रत्येक चिन्ह जावास्क्रिप्ट दोन म्हणून मोजते.

५/ ‘प्रोग्रामरला इतिहास कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण नाव चार चिन्हांवर तोडले, तर ‘नांदेड’चे ‘नांद’ होते. दहा बाइटांवर तोडले, तर ‘नां’पुढे एक निरर्थक चौकोन उरतो. गुणपत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर असे नाव उमटले, तर हेलपाटे नावाच्या धन्यालाच घालावे लागतात.

६/ रोमन लिपीत लिहिलेल्या ‘नांदेड’ला तिन्ही भाषा ६ हेच उत्तर देतात, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. म्हणूनच नांदेड-लातूरच्या वर्गांत प्रोग्रामिंगचे पहिले उदाहरण इंग्रजी अभिवादनाचे नसावे. ते स्वतःच्या गावाचे, देवनागरीत लिहिलेले नाव असावे. एखादी भाषा विचित्र वागली की तिला नावे ठेवण्याआधी तिचे जन्मवर्ष पाहावे.