हातच्याची वजाबाकी आणि अंगणातली जुडी

या पानावर आपण खत, बियाणं, कीड-रोग यांवर बोलतो. आजचा विषय शाळेचा वाटेल, पण तो तुमच्या अंगणातलाच आहे.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची 'असर' नावाची पाहणी देशभर होते. तिचा २०२४ सालचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. तिसरीतल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकालाच हातच्याची वजाबाकी जमते, असं त्यात दिसलं. आधीच्या पाहणीपेक्षा आकडा सुधारला आहे, हे मान्य. पण उरलेली दोन मुलं नेमकी कुठं अडतात? ४२ मधून १७ वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत. मग गुरुजी सांगतात, शेजारच्या चाराकडून एक उसना घे. घेतला एक आणि झाले दहा! पोराला ही जादू वाटते. कारण दहाची बांधलेली जुडी त्यानं स्वतःच्या हातानं कधी सोडलेलीच नसते.

त्यात आपली मराठी आणखी पेच टाकते. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. निपाणीच्या बाजारात कानडी माणूस 'इप्पत्तोंदु' म्हणतो, म्हणजे सरळ वीस आणि एक. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. माझं मत विचाराल तर भांडण शब्दांवरच अडकलं. दहा काटक्यांच्या दोन जुड्या आणि एक सुटी काटकी पोरासमोर असेल, तर एकवीस म्हणा की वीस एक, त्याला काय आहे ते दिसतंच.

आणि जुड्यांची आपल्याकडं वाण नाही. रोपांच्या मुठी आहेत, वैरणीच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा आहे, उसाची मोळी आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हा हिशोब घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. घरात माप शिल्लक असेल तर नातवाला मापट्यानं शेर भरू द्या. वाळू किंवा पाणी काहीही चालेल.

मात्र अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या पोरानं वजाबाकी करायची नाही. त्याचं गणित त्याच्या आधीचं आहे. वेदगंगेतले गोटे लहान-मोठे लावणं, चिंचोके आणि जांभळाच्या बिया निवडून वेगळ्या करणं, एका पानावर एक गोटा ठेवणं. पोरगं शंभरपर्यंत घडाघडा म्हणतं म्हणून आपण त्याला पाहुण्यांपुढं उभं करतो. त्याच पोराला सात गोटे बोट लावून मोजायला सांगून बघा. बोट एकीकडं, तोंड एकीकडं, आणि गोटे नऊ होतात. तेच सात गोटे लांब-लांब पसरले की त्याला जास्त वाटतात. हे पाठांतरानं सुटत नाही, हाताळूनच सुटतं.

भाताच्या चारसूत्री लागवडीत आपण दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटर आलटून-पालटून अंतर ठेवतो, आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध ब्रिकेटची एक गोळी खोचतो. हाच खेळ ओल्या मातीत मांडा. चार गोटे, मध्ये एक चिंचोका. असे तीन चौकोन झाले तर चिंचोके किती, गोटे किती? पाच-सहा वर्षांचं पोरगं मोजून सांगतं, आणि पुढच्या पाढ्याचं बी तिथंच पडतं.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचं साहित्य महाग, गावाला परवडणारं नव्हे. त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांवर काम भागवलं. पोरं बालवाडीत येईनात तेव्हा पाड्यावरच्या अंगणात बालवाडी नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ ला. आपल्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारणारे डॉ. जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. तेव्हा खेड्यातल्या शिक्षणाचा विचार बाहेरून आणायची या गावाला गरज नाही.

आता माझ्या खात्यातली गोष्ट, आणि ती काटेकोर पाळा. पेरणीतून उरलेलं, थायरमसारखं औषध लावलेलं रंगीत बियाणं मुलांच्या हाती चुकूनही देऊ नका. गुंज दिसायला सुंदर, पण विषारी; एरंडीही तशीच. कीडनाशकाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी पाणी मोजायला चालत नाही. तीन वर्षांखालच्या पोरांपुढं चिंचोका-हरभरा नकोच. नाकात घालतात, घशात अडकतो. त्यांना मुठीत मावणार नाही असा गोटा द्या. गोटे नदीवरून मोठ्यांनीच आणावेत.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक वेगळं सांगायचं आहे. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावं, यासाठी त्यात २०२६-२७ ची मुदत धरली आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. त्यातून प्लॅस्टिकच्या अंकांची पेटी घेतली जाते आणि सेविका ती मोडेल या भीतीनं कपाटात ठेवते. दुसरीकडं अंगणवाडीपुढं पेव्हिंग ब्लॉक बसवून माती झाकली जाते. चिखल होतो म्हणून ब्लॉक, हे कळतं. आपल्याकडचा पाऊस मलाही माहीत आहे. पण निम्मं अंगण तरी मातीचं ठेवा. कडेला चर काढा म्हणजे पाणी तुंबणार नाही. पावसाळ्यासाठी पत्र्याची पडवी काढा, उन्हासाठी एक झाड लावा. वाळूचा हौद करायचा तर रात्री झाकायला ताडपत्री लागेल, नाहीतर मांजरं घाण करतात. येत्या ग्रामसभेत दहा टक्क्यांचा विषय निघाला की अंगणवाडी सेविकेला आधी बोलू द्या, आणि झाडासाठी रोप हवं असेल तर तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.